दीपमाळेखालचा दवाखाना

"चला, पुढचं शीट," मी पुकारलं, आणि सदा गुरव मंडपाच्या सावलीतून निघून दीपमाळेकडं पळाला. पळाला म्हणजे कसा, एक पाय टेकला की दुसरा वर, दुसरा टेकला की पहिला वर. जानाईच्या देवळापुढची काळी फरशी चैत्रातल्या दुपारी अशी तापायची की भाकरी टाकली असती तर फुगली असती.

"हिंदुराव, एस.टी. सुटली पण कंडक्टरकी काय सुटंना तुझी," तो तिकडून ओरडला. "देवीच्या दारात तरी माणसाला माणूस म्हण."

"आधी तुझी साखर किती ती सांग. मग ठरवू माणूस हायेस का गूळ."

मंडपात बसलेली म्हातारी खोकडं सगळी हसली. हौसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तोंडाला पदर लावला. तिला माझं असलं बोलणं आवडायचं, पण चारचौघांत हसायची चोरी होती.

आमचं कातळवाडी गाव घाटाच्या वर, खोलगटात बसलेलं. फोनला रेंज म्हणून नाही. सरकारनं दवाखान्याची खोली बांधली ती ओढ्याकाठी, तिथं तर रेडिओसुद्धा खरखरायचा. रेंज यायची ती फक्त जानाईच्या टेकाडावर, तीही देवळापुढच्या दीपमाळेपाशी. मंडपात शिरलं की गेली. म्हणून आमचा साखरेचा दवाखाना दर मंगळवारी देवळात भरायचा. वैजयंता सिस्टर खालून चालत यायची, सावलीत बसवून एकेकाच्या बोटाला सुई टोचायची, साखरेचा आकडा पाटीएवढ्या फोनात भरायची आणि तो फोन दीपमाळेच्या कट्ट्यावर उभा करायची. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या साबळे डॉक्टरीण आपली ओपीडी उरकून दुपारी त्यात दिसायच्या. एकेकानं जाऊन कट्ट्यापुढं उभं राहायचं आणि बोलायचं. नंबर पुकारायचं काम मी आपणहून घेतलं होतं. सगळी उमर गर्दीला पुढं सरका म्हणण्यात गेली, सवय जात नाही.

आता कुणी म्हणेल, फोनातून कसलं औषध. पण त्याच्या आधी आमच्या गावात साखरेचं औषध म्हणजे कारल्याचा रस आणि नशीब. खालच्या गावाला जायचं तर एकच एस.टी., तीही मन असेल तर. साबळे बाईंनी गोळ्या बदलल्या, कुणाला सुई चालू केली, कुणाचा गुळाचा चहा बंद केला, आणि आम्हा म्हाताऱ्यांची डोकी जरा ताळ्यावर आली. त्या बाईला आम्ही मानत होतो. फोनात दिसल्या की सगळे आधी हात जोडायचे.

"हौसाबाई शेलार," मी पुकारलं. तिला शीट म्हणायची माझी हिंमत नव्हती.

हौसा उठली आणि उन्हातून सावकाश चालत गेली. उड्या नाहीत, घाई नाही. ओढ्याच्या गार पाण्यातून चालावं तशी. मी उड्या मारत तिच्या मागोमाग.

"वैनी, पाय भाजत न्हाईत व्हय तुमचं?" परत येता येता सदानं विचारलं.

"न्हाई बा भावजी. मला काय न्हाई होत."

"बघ हिंदुराव, आईची किरपा असावी तर अशी. आन आपण बघ, माकडावानी नाचतोय."

मला काय कमी वाटलं? छातीच फुगली माझी.

फोनातून साबळे बाई बोलल्या, "हौसाबाई, साखर छान खाली आलीय. अशीच ठेवा. आता पाय दाखवा बघू."

तिनं माझा खांदा धरला आणि उजवा पाय उचलला. सिस्टरनं फोन खाली नेला. बाईंनी तो आणखी जवळ धरायला सांगितला.

"हा फोड कधी आला?"

"कसला फोड?" हौसानं मलाच विचारलं.

मी वाकलो. अंगठ्याच्या खाली चिंचोक्याएवढा फोड होता, पाण्यानं टरटरलेला.

"दुखत नाही?"

"न्हाई बाई. काय सुदिक न्हाई."

"आजोबा, तुम्ही नीट ऐका. साखरेनं ह्यांच्या पायाची जाणीव गेलीय. काटा रुतला, चप्पल चावली, काही कळणार नाही. आणि कळलं नाही की जखम चिघळते. मग पाय वाचवणं अवघड होतं. म्हणून अनवाणी अजिबात चालायचं नाही. घरात सुद्धा."

"कुठं चालते मी अनवाणी," हौसा म्हणाली. "ह्यांनी घरातल्या येगळ्या चपला आणल्यात. न्हाणीला जाते तरी घालून जाते."

"खरंय बाई," मी म्हणालो. "मी स्वतः बघतो."

ते खरंच होतं. देवळाच्या पायरीखाली चपलांचा जो ढीग पडला होता त्यात तिच्या चपला सगळ्यांत नव्या होत्या.

*

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. भांडी तशीच ठेवून उंबऱ्यात बसली.

तिचा भाऊ रघुनाथ साखरेनंच गेला होता. आधी बोट कापलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. त्यानंतर तो ओट्यावर बसून असायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा, मला जरा परसाकडं नेता का रं. पोरं त्याला चुकवून मागच्या वाटेनं जायची. हौसानं हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं.

"मला एक शब्द द्या," ती म्हणाली.

"दिला."

"आसा न्हाई. इकडं या. जानाईकडं बघून द्या." आमच्या उंबऱ्यातून देवळाचा कळस दिसायचा. "माझा पाय कापायचा न्हाई. मेले तर मरू द्या. पर पाय घेऊन जाईन मी. रघूवानी मला लोकांपुढं हात पसरायला लावायचं न्हाई."

"अगं, एक फोड आलाय. लगेच कुठं..."

"शब्द द्या."

मी कळसाकडं बघून शब्द दिला. दुसरं काय करणार होतो? मग मी तिला म्हणालो, "आता उठ, नायतर तुझ्या वाटणीची भाकरी पण मी खातो."

दुसऱ्या दिवसापासून मी त्या पायाचा पहारेकरी झालो. हसू नका, खरंच झालो. अंगण रोज दोनदा झाडायचो, खडा न् काटा वेचायचो. तालुक्याला जाऊन मऊ तळाच्या चपला आणल्या, आतून हात फिरवून फिरवून बघितल्या, दुकानदार वैतागला. न्हाणीतलं पाणी आधी माझ्या हातावर घ्यायचो. सिस्टरनं दिलेल्या औषधानं रोज जखम धुवायचो, कापूस लावून बांधायचो. हौसाला लाज वाटायची. नवऱ्यानं पायाशी बसायचं म्हणजे काय? ती पाय ओढून घ्यायची, "पाप लागंल मला," म्हणायची. मी म्हणायचो, बरं बाई, तुझं तू धू, मी बघतो. मग ती धुवायची आणि मी कंदील धरून समोर बसायचो, हात न लावता.

फोड बसला. कातडी धरू लागली. सोमवारी तर मी तिला म्हणालो, "उद्या बाईंना दाखवू. खूश होतील."

मंगळवारी दाखवला, बाई खूश झाल्या. आणि त्याच संध्याकाळी जखम धुताना बघतो तर टाचेला नवा फोड. पहिल्याच्या वर कातडी फाटलेली.

मी चपला उचलून परड्यात भिरकावल्या. दुसऱ्या आणल्या. पुढच्या मंगळवारी बाईंनी फोड बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे चप्पल चावल्याचं नाही वाटत आजोबा. भाजल्यासारखं दिसतंय. चुलीजवळ बसतात का त्या?"

झालं. चूल माझ्याकडं आली. हौसाला मी चुलीच्या चार हात लांब पाटावर बसवलं, आणि मी, जन्मात कधी चहा उकळला नव्हता तो, फुंकणी घेऊन बसलो. डोळ्यांत धूर. भाकरी अशा व्हायच्या की सदा गुरव म्हणाला, ह्या उन्हात वाळवून ठेव, पुढच्या साली कौलाच्या जागी घालू. हौसा लांबून सांगायची, "आता परता. अहो, परता की." हसायचीसुद्धा. मला वाटायचं, चला, निदान हसतेय.

पण पाय काही ऐकेना. आठवडाभर सुकायचा आणि पुन्हा ओला व्हायचा. आणि साखर मात्र उत्तम. सिस्टर आकडा सांगायची तेव्हा तिलाच कळायचं नाही की हसावं की काय करावं. सगळ्या गावात हौसाची साखर चांगली आणि सगळ्यांत वाईट पाय हौसाचा. मी डोळ्यांत तेल घालून राखत होतो, तरी कुणीतरी येऊन तो पाय भाजून जात होतं. रात्री अंथरुणात पडून मी हाच विचार करायचो, आपल्या घरात असं काय आहे? एकदा तर अंगणातल्या लिंबाखाली कुणी काही पुरलंय का म्हणून उकरून बघितलं. माझ्यासारख्या माणसानं. इतका मी टेकीला आलो होतो.

"त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन जा," साबळे बाई म्हणाल्या. "मी इथून जखम साफ करू शकत नाही. हात तिथं पोचत नाही माझा. आजी, प्लीज ऐका."

"गेलं की कापत्यात," हौसा म्हणाली.

"कोणी कापत नाही लगेच. वाचवण्यासाठीच पाठवतेय."

"रघूला बी आसंच सांगितलं हुतं." तिनं फोनाला हात जोडले, आणि माझ्याकडं बघितलं. कळसाकडं बघितलं नाही, माझ्याकडंच. मी मान खाली घातली.

घरी आल्यावर मी बोललो, ओरडलो, एकदा ताट आपटलं. काही उपयोग झाला नाही. ती म्हणाली, "मी देवीला सांगितलंय. ती बघंल." तेव्हापासून ती दर मंगळवारी सगळ्यांच्या आधी टेकाडावर जाऊ लागली. सिस्टर येईपर्यंत, आणि बाकीच्यांचे नंबर होईपर्यंत, देवळाला प्रदक्षिणा घालायची. पायासाठी. मला बरंच वाटलं. म्हटलं, नाहीतरी आपल्या हातात काय उरलंय?

*

वैशाखातल्या त्या मंगळवारी सकाळपासून तिचं अंग तापलेलं होतं. ती कबूल करत नव्हती. मी पायाची पट्टी सोडली. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. वास येत होता.

"आज तू येऊ नकोस वर. मी बाईंना विचारून येतो."

"मला परदक्षिणा घालायचीया."

"ताप आलाय हौसा."

"म्हणून तर घालायचीया."

जिना चढावा तसं तिला धरून धरून टेकाडावर नेलं. पायरीशी तिनं चपला काढल्या. मी माझ्या काढल्या. ती देवळाच्या मागं गेली, आणि मी नंबरबिंबर काही न पुकारता सरळ सिस्टरला म्हणालो, "आधी माझं बोलणं करून दे." सदा आणि बाकीचे मंडपातून बघत राहिले.

साबळे बाई फोनात आल्या. मी बोटाचं सांगितलं, वासाचं सांगितलं, तापाचं सांगितलं. बाई एकदम पुढं वाकल्या.

"आजच्या आज हलवा. आत्ता. गाडी आहे का गावात?"

"जीप हाय. पर ती ऐकत न्हाई बाई. मी शब्द दिलाय तिला."

"आजोबा, शब्द राहू द्या. त्यांच्या जिवावर बेतलंय." मग त्या म्हणाल्या, "जरा स्थिर उभे राहता का? सारखे हलताय, मला तुमचा चेहरा नीट दिसत नाही."

"काय करू बाई, फरशी तापलीया. पाय टेकवत न्हाई."

"कसली फरशी?"

"देवळाची."

"तुम्ही देवळात आहात?"

"मग? इथंच तर रेंज हाय. दर मंगळवारी इथंच असतो की आम्ही."

"आणि पायात चप्पल?"

"देवळात कशी घालीन बाई?"

फोनात काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. पण बाई दिसत होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला होता.

"आजी कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

मी मागं वळलो. हौसा देवळाच्या कोपऱ्यावरून पुढच्या अंगाला येत होती. हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते. रणरणतं ऊन होतं, आणि ती आपली सावकाश एकेक पाऊल टाकत होती. पट्टी सुटून मागं फरपटत होती. आणि तिच्या मागं काळ्या फरशीवर ओली पावलं उमटत होती. एकाच पायाची. उमटायची आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळून जायची.

तेव्हा मला कळलं. सगळ्यांना चटके बसायचे म्हणून सगळे नाचायचे, पळायचे, पाय वाचवायचे. हिला चटका बसतच नव्हता, म्हणून आम्ही समजलो ही भाजत नाही. मी चूल फुंकत बसलो, न्हाणीचं पाणी हातावर घेत बसलो, आणि दर मंगळवारी माझ्या हातानं तिला ह्या तव्यावर आणून उभी करत होतो. औषध घ्यायला. आणि जानाईच्या दारात पाय भाजतो ही आमच्यात कधी कुणाची तक्रारच नव्हती. ते अनवाणी असणंच नव्हतं. अनवाणी म्हणजे रानात, रस्त्यात.

"हौसा, थांब. हलू नको," मी ओरडलो.

ती थांबली. उन्हात, फरशीवर, आज्ञाधारकपणे थांबली. मी पळत गेलो. माझे तळवे भाजून निघत होते आणि मला त्याचं बरं वाटत होतं. तिला पाठीवर घेतलं. लग्न झाल्यापासून त्या दिवसापर्यंत गावात कधी आम्ही एकमेकांच्या शेजारून चाललो नव्हतो, ती मागं आणि मी पुढं, आणि आता सगळ्या मंडपासमोर ती माझ्या पाठीवर.

"अहो, काय करताय? सोडा. एक परदक्षिणा राहिलीया माझी."

"पुरं झाल्या."

"अहो, देवीचं..."

"देवीला मी सांगतो काय ते. धर नीट."

मागं सिस्टर रडत फोन धरून उभी होती, आणि फोनातून बाईंचा आवाज येत होता, सगळ्यांनी सावलीत जा, सगळ्यांनी आधी सावलीत जा.

*

जीपमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तापात बडबडत होती. मधेच शुद्धीवर आली की एकच म्हणायची, "शब्द दिलाय हं तुम्ही."

"दिलाय."

"कळसाकडं बघून."

"व्हय गं."

घाटात जीप आणि एस.टी. समोरासमोर आली, आणि माझ्या ओळखीच्या त्या वळणावर ड्रायव्हरनं एस.टी. पार मागं घेऊन आम्हाला वाट दिली. एवढंच त्या प्रवासातलं मला आठवतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, पण घाईचा नव्हता. मला बाजूला घेऊन बाकड्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसला.

"काका, विष वर चढतंय. गुडघ्याखालून काढावा लागेल. आज नाही काढला तर त्या राहणार नाहीत. सही तुम्हाला करावी लागेल, त्यांना पुरती शुद्ध नाही."

"नुसतं बोट काढून भागणार न्हाई?"

"नाही भागणार."

"मी थांबलो उद्यापातुर तर?"

त्यानं नुसता माझ्या हातावर हात ठेवला. त्याला घाई असती, तो खेकसला असता, तर मला भांडता तरी आलं असतं.

मी तिच्या खाटेपाशी गेलो. तिचे डोळे मिटलेले होते. उजवा पाय कापडात गुंडाळलेला. हाच पाय घेऊन मी मरीन म्हणाली होती. आणि मला ती जिवंत पाहिजे होती, एवढंच होतं. एक पायाची, आंधळी, बहिरी, भांडखोर, कशीही. तिच्याशिवाय त्या घरात मी काय करणार होतो? तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी मला ती हवी होती. हे मी आजही कुणापुढं नाकारणार नाही. मी बाहेर आलो आणि सही केली. ती सही माझी वाटेना, कागद घेणाऱ्या माणसानं मला नाव पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती पुरती जागी झाली. मी शेजारी होतो. तिचा हात चादरीवरून खाली सरकत गेला, मांडी, गुडघा, आणि मग चादर सपाट. हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दवाखान्यात नाही, परतीच्या जीपमध्ये नाही, घरी नाही. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. पण नाही. काही पाहिजे असलं तर भिंतीला सांगायची. "पाणी लागतंय म्हणावं." मी भिंतीचं ऐकून पाणी द्यायचो. परसाकडं न्यायचं झालं तर सदाच्या बायकोची वाट बघत ताटकळत बसायची, पण मला हाक मारायची नाही. मी तव्यावरच्या भाकरी करपवायचो आणि ती मुकाट्यानं खायची. परता की, असं लांबून कुणी म्हणायचं नाही. माझ्या घरात माझा जीव गुदमरायला लागला. वाटायचं, वाचवली कुणाला मी?

*

जखम भरल्यावर सिस्टर घरी आली. "मंगळवारी येता का वर? डॉक्टर सारखं विचारतात. घरी फोन लागत नाही, नाहीतर इथंच..."

हौसा भिंतीला म्हणाली, "जाऊ म्हणावं."

मी तिला पाठीवर घेतलं. ती माझ्या खांद्याला धरून, ताठ, एक शब्द न बोलता, टेकाडावर आली. वर आल्यावर मी बघतच राहिलो. सदा गुरवानं दीपमाळेपासून पायरीपर्यंत बांबू रोवून गोणपाटाचं छत घातलं होतं. खाली फरशीवर गोणपाटं, पाण्यानं भिजवलेली. आणि त्या गोणपाटांवर आमची सगळी म्हातारी माणसं चपला घालून उभी होती. चोरी करताना सापडल्यासारखी तोंडं करून. सदा स्वतः वहाणा घालून पुढं होता.

"आईला कौल लावला," तो म्हणाला. माझ्याकडं बघेना. "उजवा दिला तिनं. दीपमाळेपातुर चालतंय. वैनी, या तुमी. चपल्यासकट या."

मी हौसाला पायरीवर टेकवलं. तिच्या डाव्या पायात नवी चप्पल होती, मीच घातलेली, ती झोपेत असताना. तिनं वर देवळाकडं बघितलं. मग वाकली आणि त्या एकुलत्या एका पायातली चप्पल काढली. ढिगाची जागा मोकळी होती, तिथं नीट लावून ठेवली.

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. कट्ट्यावर फोन उभा होता, त्यात साबळे बाई होत्या. त्यांना ह्या वेळी सगळं दिसत होतं, फोन खालीच वळवून ठेवला होता.

मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो, चप्पल उचलली, तिचा पाय हातात घेतला. सगळ्या गावासमोर. ती पाय ओढून घेईल, पाप लागेल म्हणेल, म्हणून मी घट्ट धरला. तिनं ओढला नाही. मी बोटं पुसली, टाच पुसली, चप्पल चढवली, बंद लावला. तरी मला तो सोडवेना. दोन्ही हातांत धरून बसलो. तोंड वर करायची हिंमत नव्हती.

"तुमी हात लावलाय व्हय?"

मी वर बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. भिंतीकडं नाही, माझ्याकडं.

"लावलाय," मी म्हणालो.

"ह्या पायाला बी आता कळंना बगा. दिसतंय म्हणून कळलं." तिचा आवाज बारीक झाला होता.

मी हात काढायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "जरा येळ धरा तसाच. मला बघू द्या."

फोनातून बाईंनी विचारलं, "हौसाबाई, येताय ना?" सदा त्यांना म्हणाला, "आलंच बाई, जरा थांबा." आणि मी तो पाय धरून बसलो, तिचं बघून होईपर्यंत.